तिन्ही रीडिंग सारखीच कशी येतात?

बीएस्सीच्या रसायनशास्त्राचं कुठलंही जर्नल घ्या आणि अनुमापनाचं, म्हणजे टायट्रेशनचं, पान उघडा. ब्युरेट या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते यात मोजतात. तक्ता ठरलेला असतो: सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, दोहोंतला फरक आणि कडेला ‘सीबीआर’, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग. फरकाच्या रांगेत 10.2, 10.2, 10.2. सीबीआर अर्थातच 10.2 मिली. पान उलटलं की 9.8 तीनदा. त्यापुढे 11.4 तीनदा. शेजारच्याचं जर्नल उघडा, तिथेही हीच शिस्त.

आता थोडा हिशोब करू. ब्युरेटवरची सर्वांत लहान खूण 0.1 मिलीची. तोटीतून सुटणारा एक थेंब साधारण 0.05 मिलीचा. ‘बी’ वर्गाच्या 50 मिली ब्युरेटला बनवतानाच 0.1 मिलीची चूक माफ असते. त्यात रंग बदलला की नाही हे ठरवणारा डोळा माणसाचा. हात बसलेल्या माणसाला तीनदा तेच रीडिंग मिळू शकतं, मिळतंही. पण जेमतेम महिनाभर ब्युरेट हाताळलेल्या अठरा वर्षांच्या पोराला, प्रत्येक प्रयोगात, वर्षभर? आणि त्याच्या बॅचमधल्या सगळ्यांना? तपासायचं द्रावण मोजून घेण्याचं पिपेट 10 मिलीचं असेल तर एक थेंब जास्त पडला की अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. म्हणजे 10.1, 10.3, 10.2 अशी रीडिंग येणं हीच निरोगी प्रयोगशाळेची खूण. ती जर्नलात कुठेच दिसत नाहीत, कारण ती लिहिली तर वही परत येते. ‘सीबीआर नाही आली, पुन्हा कर’ असा शेरा मारून.

माझं म्हणणं असं आहे, की पदवीच्या पातळीवरचं आपलं इनऑर्गॅनिकचं, म्हणजे असेंद्रिय रसायनाचं, प्रॅक्टिकल आज एकच कौशल्य मन लावून शिकवतं: उत्तर आधी माहीत असताना त्याला साजेशी निरीक्षणं लिहिण्याचं. ही मुलांची लबाडी आहे असं मला वाटत नाही. ज्याला गुण मिळतात ते मुलं शिकतात, आणि आपण गुण देतो ते उत्तराला. ते नोंदीला द्यायला लागलो तर नवी यंत्रं न घेता, नवी इमारत न बांधता बरंच काही बदलेल.

भौतिक किंवा सेंद्रिय रसायन सोडून इनऑर्गॅनिकच का धरायचं? कारण सॉल्ट ॲनालिसिस तिथे आहे, आणि या रोगाची सगळी लक्षणं त्या एका प्रयोगात एकत्र बघायला मिळतात. ओळख नसलेल्या वाचकासाठी सांगतो. विद्यार्थ्याला एका बाटलीत चिमूटभर पावडर मिळते. तिच्यात कोणते धातूचे आयन आहेत आणि कोणते आम्लाचे, हे त्याने शोधायचं. पद्धत जुनी आहे. कार्ल फ्रेझेनिउस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1841 साली, स्वतः विद्यार्थी असतानाच, ती पद्धतशीर मांडून छापली, आणि तिचा सांगाडा आजही फारसा हललेला नाही. आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचं: चांदी, शिसं, मर्क्युरस पारा खाली बसतात, हा पहिला ग्रुप. मग आम्लातच हायड्रोजन सल्फाइड सोडायचा: तांबं, कॅडमियम, बिस्मथ वगैरे दुसरा. मग अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया: लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम, हा तीन-ए. मग अमोनियात पुन्हा हायड्रोजन सल्फाइड: कोबाल्ट, निकेल, मँगनीज, जस्त, तीन-बी. असं करत मॅग्नेशियमपर्यंत उतरत जायचं.

आता कुणी विचारेल, आणि रास्तच विचारेल, की आज हे करतं कोण? कारखान्यात धातू मोजणारी यंत्रं आहेत: आयसीपी आहे, ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन आहे. नमुना विरघळवला, यंत्रात सोडला, की दोन-चार मिनिटांत वीस धातूंचे आकडे छापून येतात. ग्रुप लावून शिसं शोधणारा केमिस्ट औषध कारखान्यात औषधालाही सापडायचा नाही. खरं आहे. तरीही हा प्रयोग ठेवावा असं मला वाटतं, आणि त्याचं कारण धातू ओळखणं हे नाही. पूर्ण पदवी अभ्यासक्रमात पुराव्यावरून निष्कर्षाकडे जाण्याचा, मधे शंका आली तर मागे वळण्याचा, दुसऱ्या वाटेने खात्री करून घेण्याचा असा प्रयोग हा जवळपास एकटाच उरला आहे. बाकीच्या प्रयोगांत कृती दिलेली असते, ती पार पाडायची. इथे पुढची पायरी मागच्या परीक्षानळीत काय दिसलं त्यावर ठरते.

निदान ठरायला हवी. प्रत्यक्षात काय होतं ते शिशाच्या उदाहरणावरून बघा. लेड क्लोराइड थंड पाण्यातही बऱ्यापैकी विरघळतं, लिटरला सुमारे 10 ग्रॅम. उकळत्या पाण्यात त्याच्या तिपटीहून जास्त. त्यामुळे द्रावण पातळ किंवा कोमट असेल तर पहिल्या ग्रुपमध्ये शिसं खाली बसतच नाही, किंवा अर्धवट बसतं, आणि उरलेलं दुसऱ्या ग्रुपमध्ये काळं सल्फाइड होऊन उगवतं. म्हणून तर वर्गीकरणात शिसं दोन्हीकडे असतं. एखाद्या मुलीने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पहिल्या ग्रुपमध्ये काही नाही, दुसऱ्यात काळा अवक्षेप’ (अवक्षेप म्हणजे खाली बसणारा गाळ), तर तिने रसायनशास्त्रातली एक सुंदर गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिला विचारायला हवं: का गं, असं का झालं असेल? तेवढ्या एका प्रश्नात विद्राव्यता, तापमान आणि सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट हे तीन धडे बसतात. पण बाटलीच्या नंबरापुढे यादीत लिहिलेलं उत्तर आहे ‘पहिला ग्रुप, शिसं’. त्यामुळे तिला सांगितलं जातं, नीट बघ, पहिल्यात येतो. आणि ती काय करते? शेजारणीच्या वहीत बघून ‘पांढरा अवक्षेप, गरम पाण्यात विरघळतो’ असं लिहून टाकते.

मँगनीजचंही तसंच. अमोनियात हवा लागली की त्याचा तपकिरी ऑक्साइड बनू लागतो आणि ते तीन-ए मध्येच डोकावतं. फॉस्फेट आधी काढलं नाही तर कॅल्शियम आणि बेरियमही तिथेच फॉस्फेट होऊन बसतात. आयोडाइड असेल तर नायट्रेटची तपकिरी कडी भलतीच फसवी येते. निसर्ग या तक्त्याला मान देत नाही, हे शिकण्यासाठी सॉल्ट ॲनालिसिससारखी दुसरी जागा नाही. आणि आपण हाच भाग खोडून टाकतो.

परीक्षेच्या दिवशी तर विचारू नका. बाहेरून परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल, आलेले असतात, त्यांना दुपारच्या गाडीने परतायचं असतं. बाटल्यांना नंबर असतात, आणि कोणत्या नंबरात काय हे ज्या कागदावर असतं तो कागद गुप्त असल्याचं सगळे मानतात. कॉलेजात गेलेल्या कुणालाही पुढचं सांगायची गरज नाही. कुठे मागच्या बॅचची मुलं दारातच नंबर सांगतात, कुठे कुणी दयाळू माणूस टेबलाजवळून जाताना एक शब्द पुटपुटतो. मग तीन तासांच्या परीक्षेत अर्धा तास प्रयोग आणि अडीच तास लेखन. चाचणी, निरीक्षण, अनुमान अशा तीन रकान्यांत अनुमान आधी भरलं जातं आणि निरीक्षण नंतर. रकान्यांचा क्रम डावीकडून उजवीकडे, लिहिण्याचा क्रम उजवीकडून डावीकडे. पेपर तपासताना हे कळत नाही, कारण शाईला वेळ कळत नाही.

हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट आणखी गमतीची आहे, खरं तर गंभीर. हा वायू विषारी आहे. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर ठीक. शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणजे धोका वाढला की इशारा बंद. हा वायू तयार करण्यासाठी डेल्फ्टच्या पेट्रुस किप यांनी 1844 मध्ये बनवलेलं ते तीन गोळ्यांचं काचेचं उपकरण पूर्वी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात असायचं. धुराडं चालत नसलेल्या खोलीत वीस मुलांनी हा वायू वापरू नये हे ठरवणं योग्यच होतं. पण अनेक ठिकाणी वायू गेला आणि वाक्य राहिलं. किप दिसलेलं नाही, वायू हुंगलेला नाही, तरी जर्नलात ‘एचटूएस सोडला असता काळा अवक्षेप’ आहेच. काहींनी वायूऐवजी द्रावणातच सल्फाइड देणारं थायोॲसिटामाइड आणलं. ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, ही वेगळी अडचण. जे करत नाही ते अभ्यासक्रमातून काढून टाकावं. त्याऐवजी आपण ते केल्याचं लिहितो आणि त्याखाली सही करतो. मुलांना खोटं लिहायला शिकवण्याचा याहून अधिकृत मार्ग मला माहीत नाही.

अनपेक्षित दिसलेल्या गोष्टीचं काय करायचं याचं आपल्याच देशातलं, इनऑर्गॅनिकमधलंच उदाहरण आहे. रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पाऱ्यावर थंड, विरल नायट्रिक आम्ल टाकून मर्क्युरस नायट्रेट बनवत होते. त्यात पिवळे स्फटिक दिसले. सहज वाटावं की हा एखादा बेसिक, म्हणजे अल्कधर्मी, क्षार असणार, दुर्लक्ष करावं. पण द्रावण तर चांगलं आम्लधर्मी होतं. त्यात बेसिक क्षार कसा बनेल, हे त्यांना पटेना. तपासलं तर ते मर्क्युरस नायट्राइट निघालं. 1896 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि पुढची कित्येक वर्षं नायट्राइटांवर काम केलं. तोच प्रयोग आज आपल्या प्रॅक्टिकलमध्ये झाला असता तर काय झालं असतं? जर्नलात पांढऱ्या स्फटिकांची नोंद, वजन आणि उतारा, म्हणजे हिशोबाच्या मानाने किती टक्के माल मिळाला तो आकडा. पिवळा रंग बेसिनमध्ये.

उताऱ्यावरून आठवलं. टेट्राअमाइन कॉपर सल्फेट हा गडद निळा क्षार प्रत्येकाने बनवलेला असतो. पाच ग्रॅम मोरचूद घेतलं तर हिशोबाने 4.92 ग्रॅम मिळायला हवेत. गाळून, अल्कोहोलने धुऊन, घाईने वजन केलं तर साडेपाच ग्रॅम भरतात, म्हणजे एकशेदहा टक्क्यांच्या वर. अर्थात स्फटिक ओले आहेत. हा क्षण शिकवण्याचा आहे: वाळव, पुन्हा वजन कर, दोन वजनांतला फरक कशाचा ते सांग. फार वेळ उघड्यावर ठेवलास तर अमोनिया उडून रंग फिका होईल, तेही बघ. पण शंभराच्या वरचा उतारा म्हणजे चूक असं पोरांना पक्कं माहीत असतं, म्हणून जर्नलात 4.1 ग्रॅम येतात. 4.1 का? कारण त्र्याऐंशी टक्के हा आकडा दिसायला शहाणा असतो.

याने बिघडतं काय, असं काही प्राध्यापक मित्र विचारतात. मुलं पुढे जाऊन शिकतातच की. शिकतात, पण कुठे? महाराष्ट्रात आणि गोव्यात रसायनशास्त्राच्या पदवीधराची पहिली नोकरी बऱ्याचदा औषध कारखान्याच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, प्रयोगशाळेत असते: वाळूज, तारापूर, महाड, कुरकुंभ, वेर्णा. तिथे पहिल्या आठवड्यात त्याला जे सांगितलं जातं ते कॉलेजात शिकलेल्याच्या नेमकं उलट असतं. जे दिसलं ते त्याच क्षणी लिहा. पेनानेच लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, सही करा, तारीख टाका, कारण लिहा. सुट्या कागदावर लिहून नंतर वहीत उतरवणं हा गुन्हा. 2013 च्या आसपास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने भारतातल्या अनेक कारखान्यांना इशारापत्रं पाठवली, त्यांत नंतर भरलेल्या नोंदी, फाडलेले कागद, अधिकृत चाचणीआधी गुपचूप करून बघितलेल्या चाचण्या यांचाच पाढा होता. त्या प्रयोगशाळांत बसलेली माणसं आकाशातून पडलेली नव्हती. कच्च्या कागदावरून पक्क्या जर्नलात उतरवून काढायची सवय त्यांनी कुठून आणली असेल? तीन वर्षं त्यांना त्याचेच गुण मिळत होते. कारखान्यांतल्या दबावाचा दोष मी पुसत नाही. वरिष्ठांनी निकाल ‘बसवून’ मागितला तर पदवीधर काय करणार. पण ‘बसवणं’ हे कसब तो घरून शिकून आलेला नसतो.

म्हणून पहिली सूचना अगदी क्षुल्लक वाटेल अशी आहे. पक्कं जर्नल बंद करा. प्रत्येकाला पानांवर क्रमांक छापलेली एक बांधीव वही द्या. तीत प्रयोग चालू असताना, टेबलाशी उभं राहून, पेनाने लिहायचं. पान फाडायचं नाही. त्याच दिवशी, बॅच सुटायच्या आधी, शिक्षकाने शेवटच्या ओळीखाली सही करायची. वही घाणेरडी दिसेल, तिच्यावर आम्लाचे डाग पडतील, अक्षर वाकडं येईल. येऊ द्या. सर्टिफाइड जर्नल हवंच असेल तर याच वहीला सर्टिफिकेट चिकटवा. कॉलेजच्या तपासणीला समिती आली की तिला हीच दाखवा. आणि निरीक्षण ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहू द्या. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी इंग्रजी वाक्य पाठ करून लिहिते तेव्हा ती नळीकडे बघत नसते, वाक्याकडे बघत असते.

दुसरी सूचना परीक्षेची. उत्तराला गुण देऊ नयेत असं मी म्हणत नाही. उत्तराची अचूकता मोजायलाच हवी. अडचण अचूकतेची नाही, आधीच माहीत असलेल्या उत्तराची आहे. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ज्या आंतरराष्ट्रीय रसायन ऑलिम्पियाडसाठी मुलं तयार करतं, तिथे एकूण शंभरपैकी चाळीस गुण प्रयोगाला असतात आणि त्यात अचूकतेचे गुण भरपूर असतात. पण तिथे खरा आकडा फक्त प्रयोग रचणाऱ्याला माहीत असतो, आणि रीडिंग तिथल्या तिथे उत्तरपत्रिकेवर लिहावी लागतात. उलटा हिशोब करायला जागाच नसते. आपल्याकडे बाटलीवर 0.1 एन (एन म्हणजे नॉर्मॅलिटी, तीव्रतेचं माप) लिहिलेलं असतं, सीबीआर किती यायला हवी हे जर्नलातून पाठ असतं, मग सद्गुण शिकवून काय उपयोग?

वीस मुलांना वीस वेगळ्या तीव्रतेची द्रावणं द्या. एकाच साठ्याच्या द्रावणातून 21 मिली, 22.5 मिली, 24 मिली असं वेगवेगळं घेऊन पातळ केलं की झालं. सहायकाचा तासाभराचा जादा वेळ जाईल. तपासायला संगणकावर एक साधा तक्ता पुरतो: बाटलीचा नंबर टाका, अपेक्षित रीडिंग समोर. शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही हे एकदा पोरांना कळलं की ती ब्युरेटकडे बघायला लागतात. सॉल्टमध्येही उत्तराला निम्मे गुण ठेवा आणि निम्मे नोंदीतून उत्तरापर्यंतच्या वाटेला. चुकीचा आयन सांगितला, पण जे दिसलं ते खरं लिहिलं आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष सुसंगत आहे, त्याला चांगले गुण. बरोबर आयन, पण तिथवर जाणारी नोंद अशक्य, त्याला कमी. एक्स्टर्नलना हे जड जाईल, कारण मग वाचावं लागेल.

‘यात व्यक्तिनिष्ठता येईल’ हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. येईल. पण आजच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ती नाही का?

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडीची, म्हणून जरा रेंगाळतो. ज्यांचं उत्तर बाटलीवर तर नाहीच, पण शिक्षकालाही माहीत नाही, असे प्रयोग. आयोडीनयुक्त मिठाचं घ्या. ग्राहकाच्या हातात पडताना मिठात निदान 15 पीपीएम आयोडीन हवं, असा नियम आहे. ते आयोडेटच्या रूपात असतं. दहा ग्रॅम मीठ विरघळवा, आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घाला, सुटलेलं आयोडीन 0.005 एन थायोसल्फेटने मोजा, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबा. एक मिली म्हणजे 10.58 पीपीएम. म्हणजे नियमात बसणाऱ्या मिठाला दीड मिलीच्या आसपास थायोसल्फेट लागेल. इतक्या लहान रीडिंगमध्ये एका थेंबाची किंमत किती, हे इथे कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही. दोन थेंब इकडेतिकडे झाले तर मीठ नापास होतं. प्रत्येकाने घरचं मीठ आणायचं. कुणाचं पाकीट नुकतं फोडलेलं, कुणाच्या घरी चुलीजवळ उघड्या बरणीतलं, कुणाकडे खडे मीठ. समजा एकाला 9 पीपीएम आलं. आता? थायोसल्फेटची तीव्रता पुन्हा तपासायची. मीठ बरणीच्या वरच्या थरातलं की खालच्या, ते विचारायचं. दुसऱ्याने तेच मीठ मोजून बघायचं. मीठ न घालता नुसत्या पाण्याचं रीडिंग घेतलं होतं का? हे सगळं करून आकडा तसाच राहिला तर तसाच लिहायचा. यातल्या कुठल्याही पायरीवर शिक्षक ‘बरोबर’ म्हणू शकत नाही, आणि हीच त्यातली मजा आहे.

बोअरच्या पाण्याची कठीणता हाही तसाच. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या मुलांच्या गावचं पाणी वेगवेगळं असतं. भारतीय मानकानुसार 200 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. ईडीटीए, पीएच 10 चं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारख्या लालवरून निळा: सगळ्या कॉलेजांत हे सामान पडलेलं असतं, पण पाणी मात्र ‘तयार केलेलं’ देतात. सरकारी लोहाच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असल्याचं पाकिटावर लिहिलेलं असतं. फेनँथ्रोलीन घातल्यावर येणाऱ्या नारिंगी रंगावरून कलरीमीटर या रंगाची गडदी मोजणाऱ्या यंत्रावर ते मोजता येतं.

यासाठी प्रयोगांची संख्या कमी करावी लागेल, आणि ती करावीच. नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाचं एक श्रेयांक म्हणजे तीस तास. दोन श्रेयांकांच्या पेपरला साठ तास मिळतात. त्यात पंधरा प्रयोग कोंबले की प्रत्येक एकदाच होतो आणि चुकला की चुकलाच. सात प्रयोग दोनदा केले तर दुसऱ्या खेपेला पहिल्या चुकीचं काहीतरी करता येतं. संख्या कमी झाली की शिसं, क्रोमियम, पारा नाल्यात जाण्याचं प्रमाणही उतरेल. अमोनियाच्या चाचणीला वापरतो त्या नेसलरच्या द्रावणात पारा असतो आणि आपण ते बेसिनमध्येच ओततो, याकडे कुणाचं लक्ष नसतं. थेंबाथेंबाने चिनी मातीच्या फरशीवर करायच्या स्पॉट टेस्ट रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ फायगल यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ केल्या. आपण अजून परीक्षानळी अर्धी भरतो.

संगणकावरच्या प्रयोगशाळांविषयी थोडक्यात. सरकारी प्रकल्पातल्या व्हर्च्युअल लॅब चांगल्या आहेत, प्रयोगाच्या आदल्या रात्री बघायला. कोविडच्या काळात तेवढाच आधार होता. पण पडद्यावरची ब्युरेट कधी गळत नाही आणि तिथलं रीडिंग तीनदा काढलं तर तिन्ही वेळा तेच येतं. ज्या रोगाबद्दल मी लिहितोय त्याचं ते आदर्श रूप आहे.

आता मुख्य अडथळा, आणि इथे मुलांना, सहायकांना किंवा एक्स्टर्नलना बोल लावून भागत नाही. ताजी वही त्याच दिवशी तपासून सही करायला माणूस लागतो. आज अनेक विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक एक किंवा दोन. बाकी तासिका तत्त्वावर. त्यांना प्रात्यक्षिकाच्या तासाला लेखी तासापेक्षा कमी दर मिळतो. वीस मुलांच्या हातात आम्ल, बर्नर आणि काच असताना तीन-चार तास उभं राहणाऱ्या माणसाचा तास फळ्यासमोर बोलणाऱ्याच्या तासापेक्षा स्वस्त, असं आपल्या शासनाचं मत आहे. बॅचआधी द्रावणं करून बघायला लागणारा वेळ तर कुठेच मोजला जात नाही. प्रयोगशाळा सहायकाचं पद निवृत्तीनंतर रिकामं राहतं आणि परिचरावर सगळं चालतं. अशा माणसाने वीस वेगळी द्रावणं करावीत, वीस वह्या वाचाव्यात आणि 10.1, 10.3, 10.2 का आलं यावर प्रत्येकाशी बोलावं, अशी अपेक्षा ठेवायला तोंड हवं. ठरलेलं सॉल्ट, ठरलेली सीबीआर आणि ठरलेलं जर्नल हे त्याच्या सोयीचं आहे, कारण त्याला दुसरं काही परवडत नाही.

वही आणि वेगवेगळी द्रावणं हे बदल अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत मंजूर होऊ शकतात. त्यांना शासनाची परवानगी लागत नाही, आणि मोठ्या स्वायत्त महाविद्यालयांनी तर ते पुढच्या सत्रापासूनच करायला हरकत नाही. दराचा आणि रिकाम्या पदांचा प्रश्न मात्र मंत्रालयात सुटायचा आहे. प्राध्यापक संघटनांच्या निवेदनांत प्रात्यक्षिकाचा दर लेखीएवढा करा ही मागणी पगार, थकबाकी आणि निवृत्तिवेतनाच्या खाली कुठेतरी असते. ती वर यावी, आणि तिच्यासोबत तयारीचा एक तास प्रत्येक बॅचमागे मोजला जावा. विज्ञान शाखेच्या पालकांनीही प्रवेशाच्या वेळी फीबरोबर एवढं विचारावं, की इनऑर्गॅनिकच्या प्रॅक्टिकलला पूर्णवेळ शिक्षक आहे का आणि बॅच कितीची आहे.